पाइनफोन कधी कार्डावरून उठतो, कधी आतून: नेमकं काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल. पाइनफोन हा अँड्रॉइडऐवजी लिनक्स चालवणारा फोन. त्याच्या आतल्या ईएमएमसीवर, म्हणजे फोनमध्ये पक्क्या बसवलेल्या साठवणीवर, एक लिनक्स आहे आणि मायक्रोएसडी कार्डावर दुसरं, किंवा त्याच लिनक्सची प्रत. फोन सुरू होतो, कुलूप उघडतं, सगळं ठीक दिसतं. मग लक्षात येतं की काल काढलेले फोटो नाहीत. वायफायचा पासवर्ड पुन्हा मागतोय. परवा टाकलेलं अॅप गायब. वैतागून फोन दोनदा बंद-चालू केला की फोटो परत हजर! आणि एखाद्या दिवशी फोटो असतात, पण वायफाय आणि सिम दोन्ही मेलेले.

माझा मावसभाऊ नाशिकला असतो. त्याने रात्री साडेअकराला फोन केला, "दादा, माझा फोन मागच्या मंगळवारात गेलाय." मला वाटलं, घड्याळ चुकलं असेल. घड्याळ बरोबर होतं. फोन खरोखरच मागच्या मंगळवारात होता, कारण त्या मंगळवारी त्याने अपडेटच्या आधी शहाणपणाने ईएमएमसीची अख्खी प्रत डीडीने, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उतरवणाऱ्या आज्ञेने, कार्डावर काढली होती आणि कार्ड फोनमध्येच ठेवून दिलं होतं. नंतर तीन वेळा कार्ड पुन्हा फ्लॅश केलं, म्हणजे सगळं नव्याने लिहिलं, प्रत्येक वेळी त्याच प्रतीवरून. दुखणं तिथेच.

म्हणून पहिली सूचना: काहीही पुन्हा फ्लॅश करू नका. फ्लॅश करणं म्हणजे पुरावा पुसणं. या फोनमध्ये 'बूट होत नाही', म्हणजे सुरूच होत नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा फोन बूट होत असतो, फक्त त्यांना वाटतं त्या ठिकाणाहून नाही.

खांदा कोण बदलतंय

पाइन६४चा हा फोन २०२०च्या जानेवारीत ब्रेव्हहार्ट नावाच्या आवृत्तीने लोकांच्या हाती आला. आत ऑलविनर ए६४ चिप, २ जीबी रॅमबरोबर १६ जीबी ईएमएमसी किंवा ३ जीबीबरोबर ३२ जीबी. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम. अँड्रॉइड फोनांतलं कुलूपबंद बूटलोडरचं प्रकरण इथे नाही, म्हणून एकाच फोनवर चार लिनक्स नांदवणं सोपं. आणि म्हणूनच गोंधळही सोपा.

पालखीला जसे खांदेकरी बदलत जातात तसं बूटिंगमध्ये काम हातोहात पुढे जातं. पहिला खांदा चिपच्या आतल्या बूट रॉमचा. तो बदलता येत नाही आणि त्याचा क्रम ठरलेला: आधी मायक्रोएसडी, मग ईएमएमसी, काहीच सापडलं नाही तर यूएसबीवर फेल मोड. (फेल म्हणजे नापास नव्हे. ते ऑलविनरच्या चिपमधल्या बचाव-दाराचं नाव आहे. पण पहिल्यांदा वाचताना छातीत धस्स होतं खरं.) बूट रॉमला जिथे बूटलोडर सापडतो तिथला बूटलोडर दुसरा खांदा देतो. तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याबरोबरची इनिट्रॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइल सिस्टिम) वर चढवतो, हा तिसरा. आणि कर्नल 'माझं रूट पार्टिशन कुठेय' (म्हणजे ज्यात सगळं लिनक्स राहतं तो साठवणीचा भाग) असं शोधून तुमचं लिनक्स चालू करतो, तो चौथा.

हे चारही एकाच स्टोरेजवरचे असतील अशी कुठलीही सक्ती नाही. बूटलोडर कार्डावरचा, कर्नल कार्डावरचा आणि रूट ईएमएमसीचं, हे अगदी सहज घडतं. मावसभावाच्या फोनमध्ये हेच होत होतं, तेही कधी असं तर कधी तसं.

चार प्रश्न, चार उत्तरं

फोन चालू असताना टर्मिनल उघडा. 'फाइंडएमएनटी' आज्ञेला तिरकी रेघ देऊन विचारा की रूट कुठून आलंय. उत्तरात एमएमसीबीएलके० असेल तर कार्ड, एमएमसीबीएलके२ असेल तर ईएमएमसी. मधला १ कुठे गेला असा प्रश्न पडतो. तो क्रमांक वायफायच्या चिपला गेलेला असतो, तीही त्याच प्रकारच्या तारांवर बसलेली आहे.

मग 'युनेम -आर' चालवा, म्हणजे चालू कर्नलची आवृत्ती कळेल. तीच आवृत्ती 'लिब'मधल्या 'मॉड्यूल्स' फोल्डरात आहे का ते बघा. नसेल, तर कर्नल एका घरचा आणि रूट दुसऱ्या घरचं, हे तिथेच सिद्ध झालं. वायफाय आणि सिम जाण्याचं कारणही हेच. रियलटेकच्या वायफायचा आणि क्वेक्टेल मोडेमचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलला मागाहून जोडायचा तुकडा म्हणून, वेगळा चढतो. कर्नल जुना आणि रूटमध्ये मॉड्यूल्स फक्त नव्या कर्नलचे, असं झालं की ते चढतच नाहीत. स्क्रीन आणि बटणं चालत राहतात, म्हणून माणूस सिमकार्ड पुसत बसतो.

तिसरं, 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' फाईल वाचा. बूटलोडरने कर्नलच्या कानात काय सांगितलं ते तिथे जसंच्या तसं असतं. 'रूट=' नंतर काय लिहिलंय ते कागदावर उतरवून घ्या.

चौथा प्रश्न बूटलोडर कुठला. फोन बंद करून कार्ड काढा आणि सुरू करून बघा. लक्षणं थांबली तर बूटलोडर कार्डावरचा होता असं धरायला हरकत नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर सीरियल केबल, म्हणजे बूटचे संदेश लॅपटॉपवर वाचायची वायर, लागते. पाइनफोनचा हेडफोन जॅक हाच सीरियल पोर्ट आहे. मागचं झाकण उघडलं की सहा बारीक स्विच दिसतात, त्यातला सहावा बंद केला की जॅकमधून आवाजाऐवजी बूटचे संदेश येतात. वेग १,१५,२०० बॉड, पातळी ३.३ व्होल्ट. ५ व्होल्टची केबल लावू नका. मी माझी यूएसबी-सीरियल पट्टी पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला घेतली आणि जुन्या इयरफोनची वायर कापून तिला जोडली. जोडकाम दिसायला भयाण आहे, पण चार वर्षं टिकलंय.

त्या संदेशांत अगदी सुरुवातीला एक ओळ येते: 'ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१' किंवा '२'. इथे १ म्हणजे कार्ड आणि २ म्हणजे ईएमएमसी. हो, लिनक्समध्ये कार्ड ० आणि यू-बूट या बूटलोडरच्या या ओळीत तेच कार्ड १. या एका आकड्यापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे, तुमची जाऊ देऊ नका.

जुळ्यांचा घोटाळा

आता मूळ कारण. रूट पार्टिशन ओळखायला हल्ली यूयूआयडी वापरतात, म्हणजे फाइल सिस्टिम बनवताना तिला मिळालेला लांबलचक ओळख-क्रमांक. एमएमसीबीएलके क्रमांकापेक्षा हा भरवशाचा, हे बरोबरच. पण डीडीने केलेली प्रत ही बिट-न-बिट प्रत असते. तिचा यूयूआयडीही तोच येतो. एकाच आधार क्रमांकाचे दोन माणसं दारात उभे राहिले तर कारकून समोर जो आधी येईल त्याला आत घेणार. कर्नलच्या सुरुवातीला कार्ड आधी तयार होतं की ईएमएमसी, हे काही मिलिसेकंदांवर ठरतं. म्हणून एकदा हे, एकदा ते, आणि म्हणूनच 'कधीकधी चालतं'.

'बीएलकेआयडी' चालवून दोन ओळींत एकच यूयूआयडी दिसतोय का ते बघा. पोस्टमार्केटओएस हे लिनक्स वापरत असाल तर लेबलही बघा. त्यांच्या जुन्या इमेजेस पार्टिशन शोधताना लेबलवरही भिस्त ठेवत आणि ते लेबल सगळ्यांचं एकच, पीएमओएस_रूट. दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या यूयूआयडीने बसवलेल्या प्रतीही त्यामुळे एकमेकींच्या पायात पाय घालू शकतात.

दुरुस्ती कार्डावर करा, ईएमएमसीवर नको. बिघडलंच काही, तर कार्ड काढलं की फोन जागेवर. कार्ड लॅपटॉपच्या रीडरमध्ये घाला, आपोआप माउंट झालं (लॅपटॉपने उघडलं) असेल तर अनमाउंट करा. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर आधी 'ई२एफएससीके -एफ', मग 'ट्यून२एफएस'ला मोठ्या यू-चा पर्याय आणि पुढे 'रँडम'. नवा यूयूआयडी मिळाला. तो दोन ठिकाणी लिहावा लागतो: कार्डावरच्या एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याच्या यादीत) आणि बूटलोडर वाचतो त्या फाइलमध्ये. मोबियन या लिनक्समध्ये ती बूट पार्टिशनातल्या एक्स्टलिनक्स फोल्डरात असते. ती हाताने बदलली आणि पुढच्या अपडेटने परत जुनी केली असं व्हायला नको, म्हणून फोन एकदा सुरू झाल्यावर 'यू-बूट-अपडेट' चालवून घ्या. बूट पार्टिशन वेगळं असेल तर तेही जुळंच आहे हे विसरू नका, त्याचाही यूयूआयडी बदला.

बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर जास्त जपून. ईएक्सटी४च्या जुळ्यांमध्ये फार तर चुकीचं घर उघडतं. बीटीआरएफएस मात्र एकापेक्षा जास्त डिस्कांवर पसरलेली एकच फाइल सिस्टिम सांभाळू शकते, त्यामुळे एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्क दिसल्या की ती त्यांना एकाच कुटुंबाच्या समजू शकते. दोन्ही एकत्र जोडलेल्या असताना माउंट करून लिहायला गेलात तर डेटा खराब होण्याचा खरा धोका आहे. एक प्रत आधी बाजूला काढा, मग दुसरीवर 'बीटीआरएफएसट्यून -यू' चालवा. वेळ लागतो, मध्ये तोडू नका.

आठ किलोबाइटची जागा

इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे मी स्वतः पडलो.

यूयूआयडी बदलून झाल्यावर मला वाटलं, पार्टिशन टेबलमधलेही क्रमांक बदलून टाकू, प्रतीत तेही जुळेच आलेत. एसजीडिस्क या पार्टिशनच्या साधनाला मोठ्या जी-चा पर्याय दिला की ते काम एका झटक्यात होतं. झालंही. कार्ड फोनमध्ये घातलं, फोन सुरू झाला, सगळं सुरळीत. दोन दिवस मी खूश. तिसऱ्या दिवशी कळलं की फोन कार्डावरून उठतच नाहीये. कार्डावरचा बूटलोडर मी पुसला होता, बूट रॉमला कार्डावर काही मिळत नव्हतं आणि तो मुकाट पुढे ईएमएमसीकडे जात होता. रोग बरा झाला नव्हता, रोगीच उठून गेला होता.

का झालं ते बघा. ए६४चा बूट रॉम बूटलोडरचा पहिला तुकडा स्टोरेजच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटवर शोधतो. जीपीटी पार्टिशन टेबलची नोंदवही १ किलोबाइटपासून सुरू होते. नेहमीच्या १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइट, म्हणजे १६ किलोबाइट. ती जाऊन पोचते १७ किलोबाइटपर्यंत. म्हणजे बूटलोडर नोंदवहीच्या मधोमध बसलेला. नोंदवहीची पानं कोरी असतात म्हणून खपून जातं, पण जीपीटी सगळ्या पानांची मिळून एक बेरीज ठेवतं. ती बेरीज चुकते आणि सीएमडीलाइनमध्ये 'जीपीटी' हा पर्याय दिलेला असेल तर कर्नल दरवेळी कुरकुर करतो की मुख्य जीपीटी बिघडलंय, शेवटची राखीव प्रत वापरतोय. फोन चालत राहतो. मग एक दिवस एखादं पार्टिशनचं साधन सौजन्याने विचारतं, 'दुरुस्त करू का?' आपण हो म्हणतो. ते राखीव प्रतीवरून स्वच्छ कोरी नोंदवही लिहितं, आणि बूटलोडर गेला.

उपाय दोन. एक, नोंदवही लहान करा. १ ते ८ किलोबाइटमध्ये बरोबर ५६ नोंदी मावतात, एसजीडिस्कला टेबलचा आकार ५६ सांगता येतो. तुमच्याकडे ५६ पार्टिशनं नाहीत, मला माहीत आहे. दुसरा, मला आवडणारा: ए६४चा बूट रॉम १२८ किलोबाइटवरही बघतो. तिथे बूटलोडर लिहिला की जीपीटीशी भांडण संपलं. फक्त पहिलं पार्टिशन १ मेगाबाइटच्या आत सुरू होत नाही ना ते बघा आणि यू-बूट अलीकडचं घ्या.

कार्डावर बूटलोडर आहे की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. डीडीने ८ किलोबाइटपासूनचा एक किलोबाइट उचला, हेक्सडम्पमधून बघा. उजव्या कडेला 'ईगॉन.बीटी०' अशी अक्षरं दिसली तर आहे. नाही दिसली तर १२८ वर बघा. दोन्हीकडे नसेल तर बूट रॉमच्या लेखी ते कार्ड नुसतं फोटोंचं कार्ड आहे.

लिहिताना गणित चुकलं की निस्तरणं अवघड. ठोकळा १०२४ बाइटचा आणि आठ ठोकळे सोडून, असं डीडीला सांगायचं. ठोकळे सोडायचे विसरलात तर पार्टिशन टेबलच जातं (जीपीटी असेल तर शेवटच्या प्रतीवरून परत आणता येतं, जुन्या पद्धतीचं एमबीआर टेबल असेल तर आकडे लिहून ठेवलेले असले तरच). आणि ठोकळा १ मेगाबाइटचा ठेवून आठ सोडलेत तर बूटलोडर थेट पहिल्या पार्टिशनच्या पोटात जाऊन बसतो. तेव्हा कुणी ओरडतही नाही.

टो-बूट असेल तर

टो-बूट हा बूटलोडर ईएमएमसीच्या नेहमीच्या जागेत न राहता तिच्याच एका छोट्या वेगळ्या बूट-विभागात राहतो. लिनक्सला तो एमएमसीबीएलके२बूट० म्हणून दिसतो. फायदा उघड आहे: ईएमएमसी कितीही वेळा फ्लॅश करा, बूटलोडर शाबूत. सुरू होताना आवाज कमी करायचं बटण, दुसऱ्या थरथरीच्या आधीपासून ती होईपर्यंत, दाबून ठेवलं की दिवा निळसर-हिरवा होतो आणि फोन कार्डावरून उठतो. आवाज वाढवायचं दाबलं तर दिवा निळा होतो आणि ईएमएमसी लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी दिसते. लोक 'बटण दाबूनही होत नाही' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा बोट लवकर उचललेलं असतं.

पण एक अट आहे आणि ती पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. कार्डावर स्वतःचा बूटलोडर असेल तर बूट रॉम आधी त्याच्याकडेच जाणार. टो-बूटला कुणी विचारणारच नाही, मग बटणं दाबून काय उपयोग? टो-बूटबरोबर कार्डावर बिनबूटलोडरची इमेज ठेवायची, किंवा आहे तो बूटलोडर शून्यांनी पुसायचा. पुसताना ८ किलोबाइटवरचे फक्त ३२ किलोबाइट पुसले तरी भागतं, पण वर सांगितलेलं नोंदवहीचं गणित आठवा.

टो-बूट नसेल तर जम्पड्राइव्ह नावाची छोटी इमेज एका जुन्या कार्डावर कायमची ठेवा. तीही ईएमएमसी यूएसबीवर उघडून देते. लॅपटॉपवर कुठली डिस्क कुठली ते आकारावरून ओळखा, आणि लॅपटॉपची स्वतःची डिस्क कुठली ते आधी. हे लिहायची गरज नसावी, पण आहे.

एकाच कार्डावर डझनभर लिनक्स

मेगी या टोपणनावाने काम करणाऱ्या डेव्हलपरची मल्टी-बूट इमेज अनेकांनी वापरली आहे. एका कार्डावर डझनाहून जास्त लिनक्स, सुरू होताना यादी येते, आवाजाच्या बटणांनी वरखाली करायचं. जागा वाचते कारण सगळी लिनक्स एकाच बीटीआरएफएस पार्टिशनात वेगवेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये (आतल्या स्वतंत्र कप्प्यांत) राहतात आणि कर्नल सगळ्यांचा मिळून एक.

तक्रार नेहमीची: 'अपडेट केलं, नवा कर्नल उतरला, तरी युनेम जुनाच दाखवतो.' बरोबरच दाखवतो. इथला बूटलोडर पी-बूट आहे, तो कुठल्याही लिनक्सच्या बूट फोल्डरात डोकावत नाही. कर्नल त्याच्या स्वतःच्या छोट्या पार्टिशनात, त्याच्या स्वतःच्या मांडणीत असतो. तुम्ही उतरवलेला कर्नल हा पाहुण्यांसाठी आणून कपाटात ठेवलेला कपसेट. तो बदलायचा तर पी-बूट-कॉन्फ हे साधन वापरून ते पार्टिशन नव्याने लिहावं लागतं, आणि त्या कर्नलची मॉड्यूल्स प्रत्येक सबव्हॉल्यूममध्ये टाकावी लागतात. खरं सांगायचं तर मी त्या इमेजमध्ये कर्नल अपडेट बंद करून ठेवतो. ती इमेज चव घ्यायला आहे, संसार करायला नाही.

त्याच कार्डावर दुसरी तक्रार येते 'जागा शिल्लक नाही' ही, आणि डीएफ (मोकळी जागा सांगणारी आज्ञा) मात्र जागा दाखवतं. सगळ्या सबव्हॉल्यूमची जागा सामायिक असल्यामुळे डीएफ प्रत्येकाला तोच आकडा सांगतं. खरी स्थिती 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज'मध्ये दिसते. तिथे मेटाडेटाचा (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींचा) भाग भरलेला असतो आणि डेटाचे रिकामे ठोकळे अडकून पडलेले असतात. 'बॅलन्स' चालवून डेटा-वापर ० वाले ठोकळे आधी सोडवा, मग ५ वाले. थेट पूर्ण बॅलन्स लावू नका, कार्डावर तो रात्रभर चालतो.

आणि ३२ जीबी कार्ड घेऊनही जागा इमेजएवढीच दिसत असेल तर पार्टिशन वाढवलेलंच नाही. आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम, याच क्रमाने. जीपीटीची राखीव प्रत इमेजच्या शेवटी, म्हणजे आता कार्डाच्या मध्येच, लटकलेली असते. ती शेवटी हलवू का असं साधन विचारेल. हो म्हणण्याआधी बूटलोडर ८ वर आहे की १२८ वर ते बघून ठेवलंय ना?

सगळ्यांचे फोटो एकाच पार्टिशनात

दोन लिनक्सना मिळून एक साठवणीचं पार्टिशन दिलं की 'परवानगी नाही' असा संदेश येतो. मोबियनमधल्या वापरकर्त्याचा क्रमांक १०००, पोस्टमार्केटओएसमधल्याचा १०,०००. नाव काहीही असो, ईएक्सटी४ मालकी क्रमांकाने लिहितं. एकाने काढलेला फोटो दुसऱ्याच्या लेखी परक्याचा. फोटो-गाण्यांसाठी त्या पार्टिशनाला एक्सफॅट करा आणि प्रत्येक लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये आपापला क्रमांक 'यूआयडी=' म्हणून द्या. अख्खं होम फोल्डर मात्र सामायिक करू नका. दोन आवृत्त्यांच्या सेटिंग एकाच फाइलमध्ये लिहायला लागल्या की कीबोर्ड नाहीसा होण्यापर्यंत मजल जाते.

हे सगळं करण्याआधी, दहा मिनिटांत

बॅटरी. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर फोन थरथरतो, दिवा लागतो आणि विझतो, बूटलोडर गेल्यासारखाच दिसतो. पाइनफोनला गॅलेक्सी जे७च्या मापाची बॅटरी चालते, ती आपल्याकडे मिळते, एक चार्ज केलेली जवळ ठेवा.

कार्ड. स्वस्तात मिळालेलं १२८ जीबी कार्ड आत ८ जीबीचंच निघू शकतं. पहिले ८ जीबी नीट लिहिले जातात, पुढचं सगळं हवेत. फोन दोन आठवडे चालतो आणि मग फाइल सिस्टिम कोसळते. एफ३ नावाच्या साधनाने आधी अख्खं कार्ड लिहून-वाचून बघा. माझं एक कार्ड असंच निघालं, आणि त्याआधी मी तीन दिवस बीटीआरएफएसला शिव्या घातल्या होत्या.

आणि अगदीच काळोख असेल तर यूएसबीने लॅपटॉपला जोडून 'एलएसयूएसबी' बघा. ऑलविनरचं नाव आणि फेल मोड दिसला तर चिप जिवंत आहे, बूट रॉमला फक्त बूटलोडर कुठेच सापडलेला नाही. ही वाईट बातमी वाटते, पण चांगली आहे.

मावसभावाचं काम फोनवरून दीड तासात झालं. कार्डावरच्या प्रतीचे दोन्ही यूयूआयडी बदलले, ईएमएमसीवर टो-बूट बसवला, कार्डावरचा बूटलोडर पुसला. खात्रीसाठी त्याला सीरियलची ओळही बघायला लावली, 'एमएमसी२' आली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन.

"दादा, सगळं मस्त चाललंय. पण पुढचा कॅमेरा बंद पडला. परत फ्लॅश करू का?"

सहावा स्विच सरकवताना त्याच्या नखाने पाचवाही सरकला होता. पाचवा पुढच्या कॅमेऱ्याचा.